डाव्या हाताचा चमचा

तुमच्यातल्या मोठीला शाळेत मेंदूवर काहीतरी लिहायचं होतं, म्हणून तिने मला फोनवर विचारलं, की आजी, तू बरी कशी झालीस? मी पाच मिनिटांत सांगून टाकलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय लुळा, मग औषधं, व्यायाम आणि धीर. तिने लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मला चुकल्यासारखं वाटलं. सांगितलेलं सगळं बरोबर होतं, पण अक्काचा उल्लेख मी कुठेच केला नव्हता. तो जाणूनबुजून टाळला होता. अक्काचा हात माझ्या आधी बरा झाला आणि ते मला सहन झालं नाही, हे शाळेच्या वहीत कशाला, असं मी मनाशी म्हटलं. पण तुम्हा दोघांना ते माहीत असावं.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको, माझी मोठी जाऊ. धुळ्याजवळच्या आपल्या गावी ती राहते. तुमचे आजोबा आठ वर्षांचे असताना ती लग्न होऊन त्या घरात आली. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिने केलं. ती शाळेत गेलेली नाही. सही करता येते, तीही माझ्याकडूनच शिकलेली. ती मला मास्तरीण म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे पन्नास वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

मी वाढले भुसावळला, रेल्वेच्या वसाहतीत. वडील रेल्वेच्या कचेरीत होते आणि मुलींनी इंग्रजी शाळेतच शिकलं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या शाळेने मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे अक्षर. चार रेघांच्या वहीत, सगळी अक्षरं एकाच कोनात उजवीकडे झुकलेली, असं आम्हाला गिरवून घेतलं जाई. पुढे जळगावच्या शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा फळ्यावरच्या अक्षरावरून मुलं ओळखत, की आधीच्या तासाला कोण येऊन गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे काट्या-चमच्याने जेवणं. वडिलांना ते फार आवडे. रविवारी आम्ही सगळे डाव्या हातात काटा धरून जेवायचो. डावा हात अन्नाला लावणं मला कधीच वावगं वाटलं नाही. हे लक्षात ठेवा.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी मी शब्दकोडं सोडवत होते. पेन हातातून गळून पडलं. ते उचलायला गेले, तर हात वाकेना. आजोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. दवाखान्यात आम्ही वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. नंतर त्यांनी मला मेंदूचा फोटो दाखवला. त्यात एक ठिपका होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्या एवढ्याशा ठिपक्याने माझं अक्षर नेलं होतं. बोलणं आठवड्यात सुधारलं, पाय महिनाभरात घरातल्या घरात चालू लागला. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

मला काय हवं होतं ते सांगते. तुमच्या प्रत्येक वाढदिवसाला मी हाताने पत्र लिहीत आले आहे. मला ते अक्षर परत हवं होतं. बाकी कशाचं मला एवढं दुःख नव्हतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर एक तक्ता लावला. व्यायाम शिकवायला रोज सकाळी स्कूटरवरून एक मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट, हसतमुख आणि तितकीच कडक. तिने सांगितलेला प्रत्येक व्यायाम मी तक्त्यात मांडला. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. झालं की खूण. एकही खूण चुकली नाही. उरलेल्या दिवसात मी डाव्या हाताला कामं शिकवली. दात घासणं, वेणीऐवजी क्लिप लावणं, चमच्याने जेवणं. जेवणं तर मला दोन दिवसांत जमलं. संक्रांतीच्या आत मी डाव्या हाताने लिहायला लागले आणि धाकट्याच्या वाढदिवसाचं पत्र तसंच पाठवलं. तो फोनवर म्हणाला, आजी, आता तुझं अक्षर माझ्यासारखं झालं. सगळे हसले. मीही हसले.

येणारा-जाणारा कौतुक करी. आजोबा सगळ्यांना सांगत, हिला काही करावं लागत नाही, ही सगळं स्वतःचं स्वतः करते. आणि ते पुन्हा पेपर वाचायला बसत.

संक्रांतीनंतर गावाहून फोन आला. अक्काला लकवा झाला होता, तोही उजव्या बाजूला. आठ-दहा दिवस ती धुळ्याच्या दवाखान्यात होती. गावात व्यायाम शिकवायला कुणी नव्हतं. आजोबांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, की वहिनीला इकडे आणतोय. मी हो म्हटलं आणि मनापासून तयारीला लागले. मागची खोली आवरली. पलंगाशी घंटी ठेवली. उंच काठाची ताटली आणि जाड दांड्याचा चमचा आणला. तक्त्यावर आणखी एक रकाना आखला, एक माझा, एक तिचा. खरं सांगायचं तर मी खुशीत होते. या एका विषयात मी तिच्या दोन महिने पुढे होते आणि तिला शिकवणार होते.

ती आली तेव्हा तिच्याबरोबर मेंदूचा फोटोही आला. मी तो मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तिचा ठिपका माझ्यापेक्षा मोठा होता, चांगला सुपारीएवढा. मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली थोडा दिलासाही होता.

पहिल्याच दुपारी टेबलावर वरण-बट्टी होती. मी तिच्या डाव्या हातात चमचा दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. तिने चमचा टेबलावर ठेवला.

“अन्नले डावा हाथ लावू का मी, मास्तरीन?”

मी समजावलं, की देवाला राग येणार नाही, आजारात सगळं चालतं. तिने ऐकलं नाही. उजवा हात डाव्या हाताने उचलून तिने ताटात ठेवला. हात तिथे मेल्यासारखा पडला. ती त्याच्याकडे बघत बसली. मग बोटं थोडी घसरली, वरणात भिजली, काहीच उचललं गेलं नाही. आजोबा आपलं ताट बाजूला सारून तिच्या शेजारी बसले. त्यांनी बट्टी चुरून दिली आणि तिचा हात खालून धरून तोंडापर्यंत नेला. अर्ध्या तासात ती चार घास जेवली असेल. साडी, टेबल, फरशी सगळीकडे वरण. मी माझं ताट संपवून, चमचा धुऊन जागेवर ठेवला होता.

हे रोज दोन वेळा चालू झालं. जेवण एक-एक तास. आजोबांचं ताट गार होई. मला त्यांनी एक दिवसही घास भरवला नव्हता. एका दुपारी मी ते बोलून दाखवलं. ते गोंधळले. खरोखर गोंधळले.

“तुला कुठे गरज होती?” ते म्हणाले.

गरज पडू नये म्हणूनच तर मी एवढी धडपडले होते.

अक्का तक्त्याची थट्टा करी. तिला वाचता येत नव्हतं, पण सकाळी चहा घेताना भिंतीकडे बघून विचारी, “तुना तक्तानं आज काय म्हननं शे?” मी तिचे व्यायाम वाचून दाखवी. त्यातले निम्मे ती करत नसे. रबरी चेंडू दाबायला दिला, तर म्हणाली यात काय राम आहे, आणि स्वयंपाकाच्या बाईकडून कणकेचा गोळा मागून घेतला. गावाहून येताना तिने घरच्या शेतातल्या कापसाची पिशवी आणली होती. दुपारभर ती मांडीवर कापूस ठेवून देवासाठी वाती वळायचा प्रयत्न करी. देवाचं काम, म्हणून उजव्याच हाताने. वाती होत नसत. कापसाचे नुसते मळके गोळे होत. मी ते गोळे उचलून कचऱ्यात टाकी आणि तिच्या रकान्यात खुणेची जागा रिकामी सोडी. रिकाम्या जागा वाढत गेल्या, तसं मला बरं वाटे.

आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टेबलावरच्या त्या रोजच्या पसाऱ्याला मी कंटाळले होते, असं मी स्वतःला सांगितलं. स्वयंपाकाच्या बाईला मी म्हटलं, की डॉक्टरांनी अक्कांना तीन दिवस पातळ द्यायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. उलट तिला गिळायला काही अडचण नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. पण पातळ पदार्थ हाताने उचलता येत नाही. मग घेईल चमचा, असा माझा हिशेब होता. डाळीचं पाणी, पेज, सूप. तीन दिवस तिच्यासमोर नुसत्या वाट्या आल्या.

अक्काने एका शब्दाने तक्रार केली नाही. तिने स्वयंपाकाच्या बाईला कालची शिळी भाकरी आणायला लावली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, चांगली कडक झालेली. वाटीत ती भाकरी टाकून, उजव्या हाताचा पंजा वरून ठेवून, अंगाचा सगळा भार देऊन ती कुस्करायला लागली. डाव्या हाताने वाटी घट्ट धरलेली. डाव्या हाताला तेवढीच मुभा होती. कपाळावर घाम आला. पाऊण तासाने घट्ट काला झाला, आणि त्यातला एक घास तिने आपल्या बोटांनी उचलला. तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडला, पण उरलेला गेला. कुणी खालून हात धरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, मी समोर चमच्याने जेवत असताना, ती मला म्हणाली, “तू डावा हाथले शिकाडं. मी उजवाले बलावस. येत नही, तरी बलावस.” तू डाव्याला शिकवलंस, मी उजव्याला बोलावतेय, येत नाही तरी बोलावतेय. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता, तर मला सोपं गेलं असतं.

होळीच्या सुमाराला एका सकाळी व्यायामाच्या मुलीने टेबलावर कपड्यांचे चिमटे मांडले. दोरीवर लावायचे, मग काढायचे. आधी मी. माझा अंगठा चिमट्यावर टेकला आणि तिथेच थांबला. दाबलाच जाईना. मग अक्का. तिने पहिला चिमटा पाडला, दुसरा पाडला, तिसरा दाबला, उघडला आणि दोरीवर लावला. मग आणखी तीन. मुलीने टाळ्या वाजवल्या. आजोबा पेपर टाकून बाहेर आले. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मला जरा पडायचंय, आणि आत गेले. भिंतीकडे तोंड करून मी कितीतरी वेळ त्या सुपारीएवढ्या ठिपक्याचा विचार करत होते. ठिपका माझा लहान. शिक्षण माझं जास्त. व्यायाम माझे पूर्ण. दोन महिने आधी सुरुवात माझी. मग हे तिला का मिळावं?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला दारापर्यंत पोचवायला गेले आणि हेच विचारलं, अर्थात सभ्य शब्दांत. ती म्हणाली, नुसत्या ठिपक्याच्या आकारावरून सगळं ठरत नाही. तो कुठे आहे, माणूस कसा आहे, पुष्कळ गोष्टी असतात. मग तिने समजावून सांगितलं. मेंदूत आजूबाजूचा जो चांगला भाग उरलेला असतो, तो गेलेल्या भागाचं काम हळूहळू उचलतो, पण कुणी काम मागितलं तर. दुबळ्या हाताकडे दिवसभर कुणी काही मागितलंच नाही, तर मेंदू त्या हाताला मोजायचंच सोडून देतो. काही ठिकाणी तर रुग्णाचा चांगला हात रोज काही तास मुद्दाम बांधून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावंच लागतं.

“मोठ्या आजींनी जेवणापुरता आपला चांगला हात आपणच बांधून टाकला, आजी. तुम्ही तुमचा मोकळा सोडलात.”

मी म्हटलं, मी एकही व्यायाम चुकवलेला नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे. चाळीस मिनिटं होतात रोज. बाकीच्या दिवसभराचं मी तुम्हाला दोन-तीनदा सांगितलं होतं. मला आठवलं. तिने सांगितलं होतं, कप उजव्या हाताने उचलून बघा, दार उजव्या हाताने उघडून बघा. ते तक्त्यात बसत नव्हतं. किती वाजता, किती मिनिटं, कशाची खूण करायची, काही ठरलेलं नव्हतं, म्हणून मी ते मांडलंच नव्हतं. आणि सांडासांड मला आवडत नाही.

मी विचारलं, आता उशीर झाला का? ती म्हणाली, सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, हे खरं. पण दार बंद झालेलं नाही. हळू येईल. तुमचं अक्षर तसंच्या तसं येईल, असं मात्र मी सांगत नाही.

त्या दुपारी मी चमचा उचलला आणि पुन्हा खणात ठेवला. मग माझा डावा हात आपोआप भाकरीकडे गेला. दोनदा मागे घेतला, दोनदा गेला. अक्का बघत होती. ती उठली, आत जाऊन जुन्या लुगड्याची एक पट्टी घेऊन आली, माझा डावा हात खुर्चीच्या हाताला लावला आणि बांधायला लागली. दोन्ही हातांनी. उजव्या हाताची बोटं अजून जाड आणि मंद होती, पण टोक आतून काढून ओढलं ते त्यांनीच. मी त्या गाठीकडे बघत होते. असली गाठ मारता आली, तर मी काय काय लिहीन, असं मनात आलं.

“घट्ट व्हयनं का?” तिने विचारलं. मी मान हलवली. “सोडानं नही. भूक लागनी म्हंजे बराबर येई तो.”

त्या दिवशी मी उपाशीच उठले म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशीही. आजोबा उठून माझ्या शेजारी आले आणि त्यांनी खालून माझा हात धरायला घेतला, तेव्हा मी नको म्हणाले, आणि मग लगेच, धरा, म्हणाले. माझ्या टेबलावरचं वरण पुसायला आता कापड पुरत नव्हतं. तक्ता मी काढला नाही. त्यावर खाली एक ओळ वाढवली, जेवण, उजवा हात, आणि पुढे खूण करायची जागा सोडली नाही.

आखाजीला आम्ही सगळे गावी गेलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात तो सण. त्या दिवशी आमच्याकडे खापरावरचे मांडे आणि आमरस असतो. मांडा तुम्ही लहानपणी खाल्ला आहे, तुम्हाला आठवत नसेल. पुरण भरलेला गोळा लाटत नाहीत. दोन्ही हातांवर झेलत झेलत, कोपरापर्यंत फिरवत वाढवतात, रुमालाएवढा झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात. मला तो तंदुरुस्त असतानाही कधी जमला नाही. अक्का गावात त्यासाठी प्रसिद्ध. यंदा तिच्या सुना म्हणाल्या, तुम्ही नुसतं बसा. ती चुलीपुढे जाऊन बसली.

पहिला मांडा तिच्या उजव्या मनगटावरून घसरला आणि चुलीत पडला. दुसरा हातावर फाटला. तिसरा तिने सावकाश झेलला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, उजवीकडे दर वेळी जरा थांबत. मी दारात उभी होते. मी देवाला काय म्हणाले, ते लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. फाटू दे, असं मी म्हणाले. तो फाटला नाही. खापरावर जाऊन पसरला, अख्खा, पातळ, आरपार दिसेल असा. शेजारच्या बायका काय काय बोलत होत्या. अक्का फक्त तळहात उलटा करून बघत होती, कुणीतरी पुष्कळ दिवसांनी घरी आल्यावर आपण त्याच्याकडे बघतो, तसं.

तो मांडा तिने मला वाढला. पंगतीत वीस माणसं होती. मी डावा हात पदरात गुंडाळून घेतला. उजव्या हाताने मांड्याचा तुकडा तोडायला किती वेळ लागला, मी मोजलं नाही. तुकडा वाटीतल्या रसात बुडाला, बोटंही बुडाली, रस मनगटावरून खाली ओघळला, आणि घास तोंडात गेला. मला वाटलं, सगळे बघत असतील. अक्का माझ्या समोरच बसली होती. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, आणि मी खाऊन झाल्याशिवाय तिने मान वळवली नाही.

पातळ वाट्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला ते माहीत असावं, असं मला वाटतं.

हे सगळं मी टॅबलेटवर डाव्या हाताच्या बोटाने टाइप केलं आहे, कारण ते लांबलचक आहे आणि मला रोज जेवायलाही वेळ लागतो. आजोबा त्याची छापील प्रत काढून आणतील. पाकिटावरचा पत्ता मात्र मी उजव्या हाताने लिहिला आहे. सकाळी चहा झाल्यावर बसले, ते जेवणाची वेळ होईपर्यंत. अक्षरं उभी आहेत, काही डावीकडे कलली आहेत, उजवीकडे एकही झुकलेलं नाही. पिनकोडमधला तीन मला तीनदा काढावा लागला. पाकीट पोचलं नाही, तर पोस्टाला दोष देऊ नका.

पत्ता लिहून होत होता, तेवढ्यात गावाहून फोन आला. अक्काने काल पाहुण्यांसाठी सात मांडे केले, सातही अख्खे. मी छान म्हटलं. फोन ठेवला, आणि पेन पुन्हा उजव्या हातात धरून पाकिटाच्या मागच्या बाजूला आमचा परतीचा पत्ता लिहायला घेतला.